हरकती आणि सूचना कुणाच्या?

कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरकारचे नियंत्रण असावे का, हा प्रश्न सध्या जगभर लोकांना विचारला जातो आहे आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते आहे : असावे. मेलबर्न विद्यापीठ आणि केपीएमजी यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४७ देशांतल्या ४८ हजारांहून अधिक लोकांना विचारण्यात आले. त्यात भारतही होता. दहापैकी सात जणांनी नियमन आवश्यक असल्याचे सांगितले. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये विचारले तेव्हा ५२ टक्के लोकांनी या तंत्रज्ञानाच्या वाढत्या वापराबद्दल उत्साहापेक्षा चिंताच जास्त वाटते असे नोंदवले. लोकमताचा कौल असा स्पष्ट असताना आंबेडकरी चळवळीने त्यात वेगळे काय बोलायचे?

आमचे म्हणणे एवढेच की कौल बरोबर आहे, पण हे 'लोक' कोण, ते विचारायचे राहून गेले आहे. अशा पाहण्या ऑनलाइन होतात. ज्याच्या हातात स्वतःचा फोन, फोनमध्ये डेटा आणि प्रश्नावली भरायला फुरसत आहे, तो 'लोक' होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या दर १०० स्त्रियांपैकी फक्त ३३ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ होते. त्यानंतर फोन वाढले हे खरे. पण घरात एक फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आम्ही आमच्यापुरते विचारून पाहिले. जयंतीचा मांडव उतरल्यावर वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यासवर्ग ठेवला, विषय एआय आणि सरकार. तक्ते-बिक्ते तयार करून गेलो होतो. पहिल्या दहा मिनिटांतच ते बाजूला पडले, कारण मागे बसलेला एक पोरगा उभा राहिला. तो घरोघरी जेवण पोचवण्याचे काम करतो. कामावर चढण्याआधी ॲपला स्वतःचा फोटो दाखवावा लागतो. टायफॉइडमधून उठल्यावर चेहरा उतरलेला होता, फोटो जुळला नाही आणि ॲपने त्याचे खाते बंद केले. मदतीच्या नंबरवर फोन केला तर तिथेही यंत्रच बोलत होते. तीन दिवसांचा रोज बुडाला. तो म्हणाला, "सर, कायदा करा नाहीतर नका करू. मला आधी सांगा, भांडायचं कुणाशी?"

सगळे हसले. मग हसणे थांबले, कारण उत्तर कुणाकडेच नव्हते.

त्याच बैठकीत अगदी उलट बाजूही निघाली. एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "तुम्ही लोक याच्यावर बंधनं आणायच्या गोष्टी करताय. क्लासची फी भरायची माझ्या घरची ऐपत नाही. रात्री दोन वाजता चॅटजीपीटीला विचारते, ते उत्तर देतं, कंटाळत नाही. माझं आडनाव न विचारणारा हा माझा पहिला मास्तर आहे." या वाक्यावर विहारात टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. शाळेत आडनाव ऐकून चेहरा बदललेला मास्तर ज्याने पाहिला आहे त्याला या टाळ्यांचा अर्थ कळेल.

या दोघांमध्ये चळवळ कुठे उभी राहणार, हा खरा प्रश्न आहे. यंत्र म्हणजे मनुवाद्यांचे नवे हत्यार, त्याला हात लावू नका, असे म्हणणारे मित्र आमच्यात आहेत. त्यांनी 'काँग्रेस अँड गांधी' या १९४५ च्या ग्रंथातले गांधीवादावरचे प्रकरण पुन्हा वाचावे. यंत्राला शिव्या देणाऱ्या विचाराची बाबासाहेबांनी तिथे चिरफाड केली आहे. माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचे तर यंत्र हवे, दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. चरख्याची पूजा आपण तेव्हा केली नाही, आता उलटी पूजा करायचेही कारण नाही. त्या मुलीच्या हातातला फोन काढून घेणारे नियमन आम्हाला नको आहे.

पण तिच्या वाक्यातला अर्धा भाग तपासायला हवा. तो मास्तर आडनाव विचारत नाही हे खरे. त्याला विचारायची गरजच नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने याच कंपनीच्या मॉडेलची तपासणी प्रसिद्ध केली. वाक्यातली गाळलेली जागा भरायला दिली तर 'हुशार माणूस'पुढे ब्राह्मण आणि 'गटार साफ करणारा'पुढे दलित, अशी उत्तरे त्याने दिली. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवले असे नाही. शेकडो वर्षांत जे लिहिले गेले त्यावर तो पोसला गेला, आणि लेखणी कुणाच्या हातात होती हे आपल्याला ठाऊक आहे. शिकवणीपुरते ठीक. उद्या हेच मॉडेल नोकरीचे अर्ज चाळायला बसले, कर्ज कुणाला द्यायचे ते सांगू लागले, तर?

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. आम्ही जात विचारतच नाही, मग भेदभाव होईल कसा? हे उत्तर आपण आधी कुठे ऐकले आहे? 'आमच्या ऑफिसात जातपात कुणी मानत नाही' असे म्हणणाऱ्या साहेबाकडून. यंत्राला जातीचा रकाना लागत नाही. आडनाव, गाव, पिनकोड, शाळेचे माध्यम, वडिलांचा व्यवसाय, एवढ्यावर ते जात ओळखू शकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ऐतिहासिक निकाल. पण कागदावरचा रकाना काढता येतो, जुन्या आकड्यांत मुरलेली जात काढता येत नाही. ती शोधायची तर निकालांची जातवार मोजणी करावी लागेल : किती अर्ज आले, कुणाचे फेटाळले, का फेटाळले. बिंदुनामावली तपासल्याशिवाय कुठल्या खात्यातला अनुशेष कधी बाहेर आला होता? जात भरती करणाऱ्या यंत्राला दिसू नये आणि तपासणी करणाऱ्याला दिसावी, या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. आपल्या तरुणांनी हा मुद्दा पक्का पाठ करून ठेवावा, कारण चर्चेत पहिला वार इथेच होतो.

युरोपचा कायदा या बाबतीत आपल्याला पुरणार नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून तो अमलात आला. माणसांना सामाजिक गुण देऊन त्यांचे हक्क ठरवणे त्याने बंद केले, नोकरी, शिक्षण, कर्ज, सरकारी लाभ यांत वापरली जाणारी यंत्रे जोखमीची ठरवली. चांगले आहे. पण त्यात जात हा शब्द नाही. तो ब्रुसेल्सने लिहावा अशी अपेक्षाही नाही. तो लिहायची जागा आपल्याकडे १९५० पासून तयार आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई करतो आणि ती मनाई सरकारपुरती नाही, खासगी माणसालाही लागू आहे. 'कोणत्याही स्वरूपात' यात संगणकाने पाळलेली अस्पृश्यता येते की नाही, हे न्यायालयात विचारायची वेळ आली आहे.

इथवर कंपन्यांबद्दल झाले. सरकारबद्दल बोलायला लागलो की आमची अडचण वाढते. पाहणीतला मध्यमवर्गीय माणूस 'सरकारने नियमन करावे' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक तटस्थ पंच असतो. आमच्या वस्तीसाठी सरकार पंचही आहे आणि यंत्राचा सर्वात मोठा वापरकर्ताही आहे. रोजगार हमीच्या मजुराचा दिवसातून दोनदा फोटो काढणारे ॲप २०२३ पासून सक्तीचे झाले. अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घेताना आईचा चेहरा जुळवण्याची सक्ती १ जुलै २०२५ पासून आली. नागपुरात, दीक्षाभूमीच्या शहरात, महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, सगळे साहेबाच्या पडद्यावर. साहेब किती वेळ खुर्चीत होता हे सांगणारे घड्याळ निघाल्याचे आमच्या कानावर नाही.

आणि यंत्र चुकते तेव्हा काय होते, याचा धडा शेजारच्या राज्यात आहे. तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून संगणकाने ठरवले की ही कुटुंबे अपात्र आहेत. घरी कुणी गेले नाही, नोटीस नाही. दुकानावर गेल्यावर कळायचे की आपले नाव उडाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये या सगळ्या कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश निघाला. मधल्या वर्षांत चुलीवर काय शिजले असेल याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात नसतो. नेदरलँड्ससारख्या सधन देशातही हेच घडले. मुलांच्या संगोपनासाठीच्या अनुदानात लबाडी शोधणाऱ्या यंत्रणेने दुहेरी नागरिकत्व असलेल्या, स्थलांतरित मुळाच्या पालकांना वेचून संशयित ठरवले आणि हजारो कुटुंबांवर वसुली लावली. तिथे निदान १५ जानेवारी २०२१ रोजी अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

पोलिसांचे काय? महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची स्वतंत्र एआय कंपनी उभारली. गुन्हा लवकर उघड झाला तर आमचे काही बिघडत नाही. अत्याचाराच्या गुन्ह्यांचा तपास या यंत्रांनी आधी करून दाखवावा, आम्ही स्वागत करू. पण यंत्र शिकणार कशावरून? ठाण्यातल्या जुन्या नोंदींवरून. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, ज्यांना ठाण्यात हजेरी लावायला लागली, ते ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाले. पोलिसांच्या डोक्यातून झाले का, हे कुठल्याही पारधी तांड्यावर जाऊन विचारा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे आणि कच्च्या कैद्यांत त्यांचा वाटा सुमारे एक पंचमांश. हे आकडे यंत्राला 'गुन्हेगारीचा कल' वाटतील. आपल्याला ते कुणाला आधी उचलले जाते याचे आकडे वाटतात. मार्व्हलला कोणत्या नोंदी दिल्या, त्यांत कोण आहे, चूक सापडली तर ती दुरुस्त कुणी करायची, हे विधानसभेच्या पटलावर आले पाहिजे.

सरकार स्वतःलाच नियमातून वगळत असेल तर त्या नियमाचे आम्ही काय करायचे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार दिला. त्याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणे सोपे झाले. तेलंगणासारखी यादी उद्या महाराष्ट्रात निघाली आणि कार्यकर्त्याने माहिती अधिकारात ती मागितली, तर याच कलमावर बोट ठेवले जाईल. नागरिकाच्या खासगीपणाच्या नावाने नागरिकालाच दार बंद!

आता लोकमत घेण्याच्या सरकारी रीतीकडे येऊ. २०१४ चे धोरण सांगते की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. या माहिती संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला. हरकती मायगव्ह पोर्टलवर मागवल्या आणि आलेल्या हरकती उघड केल्या जाणार नाहीत असेही सांगितले. म्हणजे कोणत्या कंपनीने काय मागितले आणि कोणत्या संघटनेने काय, हे जनतेने पाहायचे नाही. एआयच्या धोरणाचेही तसेच. उपसमितीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये अभिप्रायासाठी आला आणि ५ नोव्हेंबर २०२५ ला मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. वेगळ्या कायद्याची तूर्त गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सात सूत्रांपैकी एक सूत्र सांगते की बंधनापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य. आमच्या विहारातल्या पोराला यातले काहीही माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यातल्याही निम्म्यांना नव्हते.

इथे बाबासाहेबांची एक जुनी साक्ष आठवते. २७ जानेवारी १९१९. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर सिडनहॅम कॉलेजातला २७ वर्षांचा प्राध्यापक उभा होता. अस्पृश्यांच्या वतीने बोलायला सुधारक मंडळी तेव्हाही होती, त्यांत प्रामाणिकही होते. बाबासाहेबांनी समितीसमोर फरक मांडला तो मतांच्या प्रतिनिधित्वाचा आणि माणसांच्या प्रतिनिधित्वाचा. आमचे मत दुसऱ्याने मांडले म्हणून आमचे प्रतिनिधित्व झाले असे होत नाही, तिथे आम्ही स्वतः असलो पाहिजे. शंभर वर्षे उलटून गेली. एआयवरच्या समित्यांत उद्योगाचे लोक, प्राध्यापक आणि अधिकारी बसतात. सफाई कामगारांच्या युनियनचे, भटक्या-विमुक्तांचे, अंगणवाडी सेविकांचे कोण बसते? तिथे आपल्याविषयी सहानुभूतीने कुणी बोलेलही. ती १९१९ ची सहानुभूती झाली.

'आपल्याला यातले तांत्रिक काय कळते?' ही शंका आमच्याच लोकांकडून येते, म्हणून तिचे उत्तर देतो. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. ॲपची यंत्रणा कामावर कशी नजर ठेवते आणि निर्णय कसे घेते, याची माहिती कामगाराला मिळावी अशी तरतूद त्यात आहे. ती कामगारांनी संघटना बांधून लावून धरलेल्या मागण्यांतून आली. खाते बंद झाल्यावर काय होते, हे भोगलेल्या माणसाहून मोठा तज्ज्ञ कोण? महाराष्ट्रातल्या डिलिव्हरीच्या पोरांनाही तेच संरक्षण हवे आहे.

भाषेचा अडसरही तोडता येतो. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत उपलब्ध करायला सांगितले. एक माणूस न्यायालयात गेला म्हणून हे झाले. एआयच्या प्रत्येक मसुद्यासाठी हीच मागणी आपण करायला हवी : मराठीत द्या, आणि हरकत मराठीत, हाताने लिहिलेली, तहसील कचेरीत घ्या. राजपत्रातल्या जाहिरातीखाली 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असे छापतातच ना? मग पोर्टलवर न जाता येणाऱ्याने काय करायचे तेही छापा. ग्रामसभेचा ठराव, बचत गटाचा ठराव, युनियनचा ठराव, विहाराचा ठराव, या सगळ्यांची नोंद झाली पाहिजे. आणि आलेली प्रत्येक हरकत, कंपन्यांचीसुद्धा, लोकांना वाचायला मिळाली पाहिजे.

त्या रात्री विहारात आम्ही एक वही फिरवली. ज्याला जे वाटते ते त्याने लिहायचे, लिहिता येत नसेल तर शेजाऱ्याने लिहून वाचून दाखवायचे. एमपीएससीवाल्या मुलीने लिहिले की सरकारी शाळेतल्या मुलांना हे तंत्रज्ञान फुकट मिळावे आणि त्याची जातवार तपासणी करून त्याचा अहवाल मराठीत निघावा. एका आजीने सांगितले की अंगठा किंवा चेहरा जुळला नाही तरी त्या दिवशीचे धान्य द्यायचे, चौकशी नंतर करायची. एका निवृत्त तलाठ्यांनी याच्या खाली कलमे टाकून दिली, सवयच ती. यंत्राने नाकारले तर कारण लेखी मिळावे, सही माणसाची असावी आणि ज्याच्याकडे दाद मागायची त्याचे नाव नि हुद्दा त्याच कागदावर असावा, हे सगळ्यांनी मिळून लिहिले.

पुढचा मसुदा येईल तेव्हा ही वही पाठवायची आहे. तुमच्या वस्तीतही अशी एक फिरवा. आमच्या वहीत पहिली हरकत त्या पोराचीच आहे, त्याच्याच शब्दांत : "भांडायचं कुणाशी?" तिचे इंग्रजी भाषांतर आम्ही जोडणार नाही.